कुंतीला फुलंच येत नाहीत, कुंपण उपटून दुसरं काही लावू का?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. बागकामाच्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला आहे. पूर्वेकडच्या भिंतीला लागून साधारण ६० फूट कुंतीचं कुंपण आहे, बिल्डरनेच लावून दिलेलं, १२-१३ वर्षं तरी झाली असतील. माळीदादा दर १५ दिवसांनी मोठी कात्री घेऊन येतात आणि वीट रचल्यासारखं चौकोनी करून जातात. हिरवंगार आहे, पण फूल म्हणाल तर शपथेला नाही. आणि पानं सारखी कुरतडलेली, अळ्या दिसतात, मग दर महिन्याला औषध मारतात, त्या दिवशी खाली उतरायला नको वाटतं इतका वास.

आता वार्षिक सभेत ठरलंय की हे काढायचं. काहीजण पिवळ्या पानांचा डुरांटा लावा म्हणतात. मी हात वर करून म्हटलं की मला एक संधी द्या, मी आपल्याकडचंच, सुवासिक फुलांचं, मधमाश्या-फुलपाखरं येतील असं झुडूप शोधून देते. कमिटीने जूनपर्यंत वेळ दिलाय. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवरच्या तुळशीवर सकाळी एवढ्या माश्या असायच्या, हल्ली मोजून चार दिसतात, ते मनाला लागून राहिलंय म्हणून हे सगळं.

प्रश्न असे: कुंती मुळात आपली आहे की बाहेरची? एक काका म्हणाले चिनी झाड आहे. मोगरा, रातराणी, चाफा, पारिजातक यातलं काय लावू? ऊन सकाळचं ११-११.३० पर्यंत मिळतं, माती काळी आहे.

एक गंमत आठवली म्हणून सांगते, याच कुंतीला एकदाच फुलं आली होती, लॉकडाऊनमध्ये, २०२० च्या जूनमध्ये. इतकी की भिंत पांढरी झाली होती आणि वास वर तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. त्यानंतर परत कधी नाही.

रानवाटा

ताई, तुम्ही प्रश्नातच उत्तर लिहून ठेवलंय बघा, शेवटच्या परिच्छेदात!

लॉकडाऊनमध्ये माळी आला नाही. मार्चअखेरपासून दोन-अडीच महिने कात्री लागली नाही. कुंतीची फुलं बहुतेक फांदीच्या शेंड्याकडे गुच्छात येतात. दर १५ दिवसांनी शेंडे कापले की कळी धरायच्या आधीच उडते. तुमच्या कुंपणाला गेली १२ वर्षं फुलायचंय, आपण फुलू देत नाही एवढंच. कृपा करून उपटू नका, १२ वर्षांची मुळं आहेत ती, परत तेवढी व्हायला परत १२ वर्षं लागतील.

आणि चिनी वगैरे काही नाही. म्हणजे दक्षिण चीनमध्येही होते, पण भारतात, आग्नेय आशियात सगळीकडे ती मूळचीच आहे. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, तिथे जंगलात हिला 'पांढरी' म्हणतात. पांढरीची काठी ऐकलं असेल ना, घाटात फिरणाऱ्या जुन्या माणसांच्या हातात असायची. लाकूड एकदम कठीण, गुळगुळीत, वजनाला भारी. ती काठी जवळ असली की साप-विंचू फिरकत नाही अशी समजूत, खरंखोटं सोडा, पण माझ्या आजोबांची काठी अजून दाराच्या मागे उभी आहे, एक भेग नाही तिला. गावातल्या कित्येकांना सांगितलं की शहरातल्या बंगल्याबाहेरची कुंती आणि ही पांढरी एकच, तर विश्वास बसत नाही. कारण जंगलात ती चांगली दीड-दोन पुरुष उंच होते, पानं मोठी, थोडी विरळ. नर्सरीत मिळते ती बहुतेक बारीक पानांची, दाट, कुंपणासाठी निवडत निवडत आणलेली. काही अभ्यासक त्या दोघींना वेगवेगळ्या प्रजाती मानतात, काही एकच. तुमची बारीक पानांची असणार. तरी फुलली की माश्या येतातच, वासही तोच.

तुमच्या यादीबद्दल: रातराणी आपली नाही, वेस्ट इंडीज-मध्य अमेरिकेकडची. देवळातला पांढरा चाफाही तिकडचाच, आणि त्याच्या फुलात मध नसतोच, पतंग बिचारे वासाला भुलून येतात आणि रिकाम्या पोटी जातात. मोगरा लावा हौसेने, गजऱ्याला, पण भरगच्च दुहेरी पाकळ्यांच्या मोगऱ्यात कीटकांना फारसं काही मिळत नाही. पारिजातक मात्र शंभर टक्के आपला, एका कोपऱ्यात जागा असेल तर जरूर लावा, पण तो कुंपणाचं झाड नव्हे.

डुरांटा नको. तोही अमेरिकेचाच, आणि पिवळ्या पानांसाठी कापत राहिला की त्यालाही फुलं नाहीत, म्हणजे पैसे घालून पुन्हा तिथेच.

मृगबहार

श्रीगोंद्याकडून लिहितोय, लिंबाची बाग आहे साडेतीन एकर. कुंती लिंबाच्याच कुळातली, कढीपत्ता, बेल, संत्रा सगळे भाऊबंद, म्हणून दोन शब्द.

पहिलं, तुमच्या २०२० च्या फुलांमागे अजून एक कारण आहे. आम्ही लिंबाला, संत्र्याला बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडून ताण देतो, पानं जरा मलूल झाली की मग पाणी सोडतो, तेव्हा झाड एकदम फुलतं. लॉकडाऊनमध्ये तुमच्याकडे माळी नाही म्हणजे पाणी पण कुणी घातलं नसणार, एप्रिल-मे सगळा कोरडा गेला, आणि ३ जूनला निसर्ग वादळाचा पाऊस कोसळला. पुण्यात पण दणकून झाला होता. ताण बसलेल्या झाडाला एकदम पाणी, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत फुलं. आमच्या मृग बहाराचा, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला धरतो त्या बहाराचा, हाच हिशोब. कुंती पण अशीच लाटेत फुलते, सगळी एकदम, चार-पाच दिवस धमाल आणि मग खाली सडा. पावसाळ्यात अशा दोन-तीन लाटा येतात, उघडीप पडून परत पाऊस झाला की.

दुसरं, हे जरा काळजीचं. कुंतीवर सायला नावाची बारीक कीड येते, तीच आमच्या लिंबू-संत्र्यावर येते आणि ग्रीनिंग नावाचा रोग पसरवते. त्या रोगाला औषध नाही, झाड हळूहळू जातं. म्हणून बागेच्या बांधावर आम्ही कुंती लावत नाही, आणि इथे वाचणाऱ्या कुणाची लिंबूवर्गीय बाग असेल तर त्यांनीही लावू नये, ही कळकळीची विनंती. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची माणसं सायलाच्या नियंत्रणाबद्दल वारंवार सांगतात ते उगाच नाही. सोसायटीत बाग नाही, तिथे अडचण नाही.

पण गंमत बघा, सायला अंडी घालते ती फक्त नवतीवर, म्हणजे कोवळ्या नव्या फुटीवर. तुमचा माळी दर १५ दिवसांनी छाटतो म्हणजे दर १५ दिवसांनी नवी नवती फुटायला लावतो. कीड येणारच. मग औषध. मग परत छाटणी, परत नवती. छाटणी कमी करा, निम्मी कीड तिथेच कमी होईल. बागेत आम्ही हे पैसे घालवून शिकलो.

अळी_ते_पाखरू

तिसरा_मजला ताई, आधी ते औषध बंद करा, बाकी सगळं नंतर. तुम्ही ज्या अळ्या म्हणताय त्या बहुतेक कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या असणार. लहानपणी अगदी पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसते, तपकिरी-पांढरी, ओलसर चमक, मोठी झाली की हिरवीगार आणि मानेजवळ गुबगुबीत. हळूच बोट लावलं तर डोक्यामागून लालसर दुभंगी शिंगं बाहेर काढते आणि एक उग्र आंबूस वास येतो, तीच ओळख. ही फुलपाखरं अंडीच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर घालतात, कुंती, कढीपत्ता, लिंबू, बेल. म्हणजे तुमचं कुंपण हे त्यांचं बाळंतपणाचं घर आहे, आणि आपण महिन्याला तिथे विष मारतोय. ज्यांना फुलपाखरं हवी आहेत त्यांना अळ्या हव्याच, मधलं काही नाही. कुरतडलेली पानं परत फुटतात, कुंती त्याने मरत नाही.

आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, २०१५ मध्ये जाहीर झालं ते, तेही याच कुळावर वाढतं, लिंबू आणि जंगलातला माकडलिंबू यांवर जास्त. पुण्यात डोंगरालगतच्या भागात दिसतं, तुमच्याकडे सिंहगडाची बाजू आहे म्हणजे आशा ठेवायला जागा आहे.

फुलांचं सांगायचं तर कुंतीचं फूल माश्यांना सोयीचं आहे. पाच पाकळ्या मागे वळलेल्या, आत पुंकेसर उघडे, सातेरीसारखी मध्यम माशी असो की ती छोटी फुलोरी, सगळ्यांना बसता येतं. सुवास संध्याकाळनंतर दाट होतो, तेव्हा पतंग येतात. टॉर्च घेऊन एकदा रात्री ९ वाजता उभ्या राहा फुललेल्या कुंतीसमोर, मी दरवर्षी मुलाला घेऊन उभी राहते. मग नारिंगी-लाल बारीक फळं धरतात, ती बुलबुल खातात. एकाच झुडपात एवढ्या जणांचं भागतं, अजून काय हवं.

माळ्याने कुठलं औषध वापरलंय ते बाटली मागून बघाच. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही असेल तर ते नुसतं पानावर राहत नाही, झाडाच्या अंगात जातं आणि पुढे मधात, परागात उतरतं. असं झाड फुललं तर माश्यांना आमंत्रण देऊन विष वाढल्यासारखं होईल. अगदीच मावा-पांढरी माशी असली रस शोषणारी कीड वाढली तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, तरी नाही भागलं तर निंबोळी अर्क, तोही सूर्य मावळल्यावर आणि फुलं नसताना.

घोंगडी

माण तालुक्यात आहे, इथे पाण्याची बोंब, इथे कुंती रखडते. आमच्यासारख्या मुरमाड जागेला करवंद लावा. माघ-फाल्गुनात फुललं की चमेलीसारखा वास येतो, काट्यामुळे कुंपण पक्कं. ताजं बी पावसाच्या तोंडावर टाकायचं, वाळवून ठेवलं तर उगवत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड म्हणून मोठ्या फळांची जात आहे ती पण चांगली. सोसायटीत लहान मुलं असतील तर मात्र काट्याचा विचार करा.

यारा_काठी

ब्रिस्बेनहून लिहितोय. वाचून गंमत वाटली कारण इथे हीच कुंती घरोघरी कुंपणाला आहे, मॉक ऑरेंज म्हणतात, नोव्हेंबरात गल्लीत शिरलं की आजीच्या अंगणाची आठवण येते. पण इथे नर्सरीतला प्रकार पक्ष्यांनी बिया खाऊन जंगलात नेलाय आणि दक्षिण-पूर्व क्वीन्सलँडमध्ये तो तणात गणतात. फळ धरायच्या आधी छाटा असं सांगतात. त्यामुळे मी माझ्या अंगणातली काढली, मनावर दगड ठेवून. तुमच्याकडे ती तिच्या घरी आहे, तुम्ही ठेवा. इथे परदेशातले मराठी लोक वाचत असतील तर लावण्याआधी तिथले नियम बघा, अमेरिकेतही काही राज्यांत सायलामुळे रोपं न्यायला-आणायला बंदी आहे.

तिसरा_मजला

काय बोलू, डोळ्यांत पाणी आलं खरंच. १२ वर्षं रोज त्या कुंपणाजवळून जातेय मी. आज सकाळी खाली जाऊन बघितलं तर ती विष्ठेसारखी अळी दिसली, तीन दिसल्या! माळीदादांना थांबवलंय.

आता कमिटीला पटवायचंय. दोन अडचणी आहेत. एक, वरून हिरवं दिसतं पण आत हात घातला तर नुसती काटक्यांची जाळी, पान नाही, आणि मधे चार ठिकाणी झाडं मेलीयेत, तिथे खिंड पडलीये. काही भागात नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. दुसरं, शेजारीच मुलांचा घसरगुंडीचा भाग आहे, माश्या आल्या तर चावतील म्हणून दोन आया आत्ताच घाबरल्यात. आणि अस्ताव्यस्त वाढलं तर चेअरमन ऐकणार नाहीत, त्यांना शिस्तीत पाहिजे सगळं.

रानवाटा

आतलं जाळं झालंय कारण वरवरच्या कातरणीने बाहेर दाट भिंत होते, आत ऊन जात नाही. आत्ता फेब्रुवारी आहे, वेळ चांगली आहे. कात्री बाजूला ठेवून छोटी करवत घ्या आणि प्रत्येक झाडाच्या सगळ्यात जुन्या, जाड फांद्यांपैकी एक तृतीयांश फांद्या जमिनीपासून फूटभरावर कापा. फक्त एक तृतीयांश, सगळ्या एकदम नाही, पुढच्या वर्षी पुढच्या. कुंती जोरकस आहे, खालून धुमारे येतात. बाकीच्या फांद्यांना हात लावायचा नाही, त्याच यंदा फुलणार. चेअरमनसाहेबांसाठी रस्त्याकडची बाजू उभी सरळ कापून ठेवा, माथा आणि आतली बाजू मोकळी सोडा. लांबून नीटनेटकं दिसतं. मग पावसाळ्यातली फुलं संपली की वर्षातून एकदाच हलकी छाटणी, तीही हाताने, एखाद-दुसरी लांब गेलेली फांदी आत घ्यायची.

खिंडीत नवीन कुंतीच लावा, जमलं तर सह्याद्रीतली मोठ्या पानांची, देशी झाडांच्या रोपवाटिकेत 'पांढरी' म्हणून विचारा. जंगलातून उपटून आणू नका. तीन फुटांवर एक बास. एखाद्या खिंडीत कढीपत्ता लावा, घरातही उपयोग आणि अळ्यांना आवडतो. बी पासून करायची हौस असेल तर लाल पिकलेलं फळ घ्या, गर धुऊन लगेच पेरा, महिनाभरात उगवतं, फुलायला मात्र दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

पिवळेपणाचं मृगबहार दादा सांगतील.

मृगबहार

शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, तेही नवीन पानात, म्हणजे लोह कमी पडतंय. काळ्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं पण झाडाला उचलता येत नाही. मुळाशी पाणी साचतंय का बघा, सोसायट्यांत कुंपणाशेजारीच पाइप गळत असतो. साचत असेल तर आधी ते नीट करा. शेणखत किंवा गांडूळखत एका झाडाला दोन पाट्या, वरून पालापाचोळ्याचं आच्छादन, आणि चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं, पाण्यातून द्या, पाकिटावर लिहिलंय तेवढंच. युरिया टाकू नका, नुसती पानं माजतील.

मार्चनंतर पाणी कमी करत न्या, मेमध्ये दहा-बारा दिवसांनी एकदा, झाड जगेल एवढंच. नवीन लावलेल्या रोपांना हा नियम नाही, त्यांना नीट पाणी द्या.

अळी_ते_पाखरू

आयांना हे सांगा की फुलावर आलेली माशी कामात असते, तिला हात लावला, चिरडली तरच चावते. माश्या आक्रमक होतात त्या पोळ्याजवळ. कुंपणावर मध प्यायला येणं वेगळं आणि इमारतीला आग्यामोहोळ लागणं वेगळं, लोक दोन्ही एकच समजतात. घसरगुंडीला अगदी चिकटून असलेला पाच-सहा फुटांचा तुकडा हवं तर कातरलेला ठेवा, तिथे फुलं येणार नाहीत, माश्याही नाहीत, भीतीही जाईल. कुणाच्या मुलाला माशीच्या दंशाची अॅलर्जी असेल तर तेवढं आधी विचारून घ्या, हे खरंच महत्त्वाचं आहे. आणि कधी पोळं लागलंच तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून जाळू नका. पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, मधमाशीपालनाचं प्रशिक्षण देते, पोळं न मारता हलवणाऱ्या माणसांची माहिती तिथे विचारता येईल.

अजून एक, डासांसाठी धूर फवारणी होते ना संध्याकाळी, ती फुलं असताना कुंपणावर मारू देऊ नका. ती वेळ नेमकी पतंगांची असते.

खिडकीतली_बाग

मधेच विचारते, माझ्याकडे फक्त गॅलरी आहे, कुंडीत येईल का?

रानवाटा

येते. १६ इंची कुंडी, खाली भोक मोठं, चार तास तरी ऊन. शेंडे खुडत बसू नका.

तिसरा_मजला

परत आले, चार महिन्यांनी.

कमिटीला सांगताना मी तुमची सगळी उत्तरं प्रिंट काढून नेली होती. चेअरमन म्हणाले एक पावसाळा बघू. माळीदादांशी बसून बोलले, त्यांना आधी वाटलं त्यांचं काम जाणार, मग फांद्या निवडून कापायचं काम त्यांनीच इतक्या निगुतीने केलं की काय सांगू, म्हणाले गावाकडे पेरू असाच मोकळा करतो आम्ही. पाइप खरंच गळत होता. खिंडीत तीन पांढरी आणि एक कढीपत्ता लावलाय. मेमध्ये पानं मलूल झाली तेव्हा माझाच जीव राहवेना, दोनदा बादली घेऊन खाली गेले आणि परत आले.

मागच्या पंधरवड्यात पाऊस झाला. परवा रात्री वास आला तेव्हा आधी वाटलं कुणीतरी अत्तर लावून जिन्यातून गेलं. सकाळी खाली गेले तर घसरगुंडीकडचा तुकडा सोडून सगळं कुंपण पांढरं. माश्या मोजायचा प्रयत्न केला, वीसपर्यंत मोजून सोडून दिलं. त्या घाबरलेल्या दोन आयांपैकी एक आपल्या मुलीला दाखवायला घेऊन आली होती, लांब उभं राहून बघा म्हणत होती.

रात्री ९ ला टॉर्च घेऊन गेले होते. एक मोठा पतंग फुलासमोर हवेतच थांबून मध पीत होता, पंख दिसतच नव्हते. फोटो नीट आला नाही. आज परत जाणार आहे, माळीदादांनाही बोलावलंय.